मळमळ पतीची, नोंद पत्नीची

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी साहेब,
तालुका आरोग्य कार्यालय,
जिल्हा धाराशिव.

अर्जदार : सौ. हर्षाली उत्तरेश्वर पडवळ, वय २७ वर्षे, व्यवसाय : ग्रामपंचायतीत संगणक चालक व घरकाम, राहणार मौजे चिंचतळ, जि. धाराशिव.

विषय : अर्जदार गरोदर नसताना उपकेंद्राच्या नोंदवहीत झालेली गरोदरपणाची नोंद, "गर्भपात" असा शेरा न मारता, कमी करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ९/९/२०२४ चा दोन ओळींचा अर्ज.
२) त्यावर कार्यालयाचा दि. १८/९/२०२४ चा शेरा : "कारण मोघम आहे. सविस्तर लिहावे. पतीची सही व माहिती देणाऱ्या व्यक्तीचा (सासू) जबाब जोडावा."

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करते की,

१. पहिला अर्ज मोघम होता हे अर्जदारास मान्य आहे. दोन ओळींत मावेल तेवढे कार्यालयाला सांगावे आणि उरलेले घरात ठेवावे, असा विचार होता. कार्यालयास सविस्तर हवे आहे. तेव्हा आता सविस्तर वाचताना कार्यालयाने कंटाळू नये, ही पहिली विनंती.

२. अर्जदाराच्या लग्नाला पाच वर्षे झाली. मूलबाळ नाही. घरात माणसे तीन : अर्जदार, पती श्री. उत्तरेश्वर व सासू श्रीमती कोंडाबाई. चार एकर सोयाबीन, दोन म्हशी. सासूबाई स्वभावाने वाईट नाहीत हे इथेच नमूद करणे आवश्यक वाटते, कारण सुनांनी सासूविरुद्ध केलेल्या अर्जांचा प्रत्येक कार्यालयात ढीग असतो आणि हा अर्ज चुकून त्यात जायचा. सासरे वारल्यावर पाळीचे चार दिवस बाजूला बसण्याची पद्धत सासूबाईंनी स्वतः मोडली. "शिकल्याली पोर, कामाला जाती, तिला कोपऱ्यात बसवून काय मिळतंय?" असे त्या भावकीसमोर म्हणाल्या होत्या. गावात त्यांचे कौतुक झाले. परंतु त्यामुळेच अर्जदाराची पाळी कधी येते व कधी जाते याचा या घरात अर्जदाराशिवाय दुसरा साक्षीदार उरला नाही, आणि ते चांगले काम आज अर्जदाराच्याच अंगावर आले आहे.

३. यंदा आषाढात सासूबाई येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला गेल्या. येताना रस्त्याकडेला बसणाऱ्या लिंबाजी नावाच्या औषधवाल्याकडून मूल होण्याच्या पुड्या घेऊन आल्या. पुडीत कसला पाला आहे ते लिंबाजीने सांगितले नाही. सांगितले तर गुण जातो, असे तो म्हणाला म्हणे. रीत अशी की पुडी रात्री भिजत घालायची, पहाटे साडेपाचला उकळून पेलाभर उरवायची, आणि सुनेने परसात उगवतीकडे तोंड करून, उपाशीपोटी, कुणाशी न बोलता प्यायची. दि. ८ जुलै रोजी अर्जदाराने तो काढा घेतला. कडूजहर होता. गेला तसाच परत आला. दुसऱ्या पहाटे पती म्हशींना वैरण टाकायला परसात आले, त्यांनी अर्जदाराच्या हातातला पेला न बोलता घेतला आणि एका दमात रिकामा केला. तेव्हापासून रोज हेच चालू आहे. अर्जदार एकदा म्हणाली, "अहो, शेणात ओतून टाकू की. कुणाला कळतंय?" त्यावर पती म्हणाले, "टाकायचं न्हाय." कारण विचारले तर म्हणाले, "आईनं पहाटं उठून केलंय." अर्जदाराला वाटले, आईची माया आणि बायकोची दया, दुसरे काय.

४. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पतींना सकाळची मळमळ सुरू झाली. दिवस उगवला की तोंडाला पाणी सुटायचे, पोटातून ढवळायचे, आणि दहा वाजेपर्यंत माणूस भिंतीला धरून असायचा. अर्जदाराला संगणकाच्या कामामुळे सगळ्या गोष्टींचा तक्ता करायची खोड आहे. तिने वही घातली. त्यात रोजची वेळ, काय खाल्ले, कशाने वाढले, कशाने बसले हे लिहिले. फोडणीच्या वासाने मळमळ वाढते. रिकाम्या पोटी चहा घेतला तर हमखास उलटी होते. उठल्याउठल्या अंथरुणातच कोरड्या भाकरीचा तुकडा चावून खाल्ला तर निम्म्याने कमी होते. आल्याचा तुकडा दाढेत धरला तर बरे वाटते. लिंबू-मीठ घातलेले पाणी घोटाघोटाने राहते, तांब्याने प्यायले तर राहत नाही. पोटभर जेवण्यापेक्षा दर दोन तासांनी थोडे थोडे मानवते. सासूबाई दि. २१ ते २३ जुलै मुलीकडे उमरग्याला गेल्या होत्या. ते तीन दिवस काढा झाला नाही आणि मळमळही झाली नाही. म्हणजे रोगाचे कारण अर्जदाराला जुलैतच कळले होते. फक्त त्या कारणाला हात लावण्याची सोय घरात नव्हती, म्हणून उपाय बाजूबाजूने करावे लागले.

५. दि. ६ ऑगस्ट, मंगळवार. त्रास असह्य झाल्याने पती गावच्या उपकेंद्रात गेले. मंगळवार बायकांच्या तपासणीचा असतो, गड्यांना डॉक्टर गुरुवारी पाहतात. शिवाय आमच्या गावात मळमळते म्हणून गडी माणसाने दवाखान्याची पायरी चढायची नसते. हात मोडला, इंगळी चावली तर गोष्ट वेगळी. ताप गड्याला असतो आणि केसपेपर बायकोच्या नावाने निघतो. गोळ्या घरी आल्या की ज्याच्या त्याने घ्यायच्या, ही इथली चाल आहे आणि आजवर तिने कुणाचे बिघडले नव्हते. पतींनी अर्जदाराच्या नावाने केसपेपर काढला. नीरजा सिस्टरांनी विचारले, मळमळ सकाळचीच का? पती म्हणाले, व्हय. फोडणीचा वास सहन होतो का? न्हाय. आंबट खावंसं वाटतं का? लिंबू बरं वाटतं. किती दिवस झाले? महिना झाला. सगळी उत्तरे खरी होती, नाव तेवढे खोटे होते. पती घरी येऊन सांगतात, "सिस्टर हसल्या. लई चांगलं झालं म्हणल्या. मला वाटलं, दुखणं साधं हाय म्हणून हसल्या."

६. दि. ८ ऑगस्ट रोजी अर्जदार ग्रामपंचायतीत असताना भावकीतल्याच आशा स्वयंसेविका (आशाताई) सत्यभामाबाई सिस्टरांकडून कळल्यावर घरी आल्या. बारा आठवड्यांच्या आतल्या नोंदी वाढवा असा त्यांना वरून निरोप होता, आणि तपासणीच्या पट्ट्या संपलेल्या होत्या. "नोंद आज करू, पट्टी आली की बघू," असे त्यांनी ठरवले. सासूबाईंनी अर्जदाराचे आधार कार्ड दिले, मोबाईल क्रमांक दिला, पाळीची तारीख बोटावर मोजून अंदाजाने दिली. संध्याकाळी अर्जदार उंबऱ्यात पाय ठेवते तोच सासूबाईंनी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. "माझ्यापासून लपवती व्हय गं? दवाखान्याला कळलं अन् मला न्हाय?" एवढे बोलून त्या रडू लागल्या. पाच वर्षांत त्यांना असे आनंदाने रडताना अर्जदाराने पाहिले नव्हते. त्याच क्षणी "नाही" म्हणायला हवे होते. तोंडात गूळ होता. ही चूक अर्जदाराची आहे आणि ती कुणावर ढकलायची नाही.

७. दि. १३ ऑगस्ट रोजी अर्जदाराने दुकानातून पट्टी आणून तपासणी केली. एकच रेघ आली. पट्टी घेऊन ती नीरजा सिस्टरांकडे गेली. सिस्टर भल्या आहेत, त्यांनी लगेच संगणक उघडला. परंतु त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकदा नोंद झालेल्या बाईला त्यातून बाहेर पडायला ठरलेलीच दारे आहेत : बाळंतपण, गर्भपात, स्थलांतर किंवा मृत्यू. "गरोदर नव्हतीच" असे दार त्यात नाही. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "गर्भपात टाकून देऊ का? एका मिनटाचं काम हाय." अर्जदार संगणकावरच बसणारी असल्याने एका मिनिटाचे काम म्हणजे काय हे तिला ठाऊक आहे. त्या मिनिटानंतर अर्जदार ही गावात आयुष्यभर "जिचं पडलं ती" होईल. सासूबाई न झालेल्या नातवाचे सुतक मनात धरतील. जे आलेच नाही ते गेले, असे अर्जदार कोणत्याही कागदावर लिहू देणार नाही. म्हणून हा अर्ज.

८. नोंद राहिल्यामुळे होत असलेले त्रास पुढीलप्रमाणे. अर्जदाराच्या मोबाईलवर दर आठवड्याला संदेश येतो. बाळ आधी जांभळाएवढे होते, सध्या ते लिंबाएवढे आहे. घरात लोहाच्या गोळ्यांची पाकिटे साठली आहेत. सासूबाई घागर उचलू देत नाहीत, साठीत स्वतः पाणी भरतात, ते पाहून अर्जदाराला घास गिळवत नाही. तिसऱ्या महिन्याची चोरओटी शेजारच्या पाच बायकांना बोलावून गुपचूप भरून झाली. अर्जदाराने पदर पुढे केला, त्यात खण-नारळ पडला, आणि तो पदर सोडायचा कुठे हे तिला आजतागायत कळलेले नाही. पतींना अजून मळमळते हे पारावर सगळ्यांनी पाहिले आहे. त्यावर, "बायकूचं डोहाळं उत्तऱ्याला लागल्यात," असे म्हणून लोक हसतात, आणि नोंदीला आणखी एक पुरावा मिळतो.

९. यापुढचे गंभीर आहे. लिंबाजीच्या पुडीने गुण आला अशी सासूबाईंची खात्री झाली. त्या पुन्हा येरमाळ्याला गेल्या आणि गर्भ टिकण्याची दुसरी पुडी घेऊन आल्या. ती पहिलीच्या वरताण कडू आहे. पहिली बंद केली नाही, गुण मोडू नये म्हणून. आता पहाटे दोन पेले होतात आणि दोन्ही पती पितात. त्यांचे वजन सहा किलोने उतरले आहे. दवाखान्याने अर्जदाराला गरोदर बाईने मळमळ कशी आवरावी याचे पत्रक दिले होते. ते अर्जदार रोज सकाळी पतींवर चालवते : अंथरुणात भाकरी, दाढेत आले, थोडे थोडे खाणे. थोडा उतार पडतो, तोवर दुसरी पहाट येते. म्हणजे नोंद राहिली तर दुसरी पुडी चालू राहते, आणि नोंद निघाली तर मूल नाही म्हणून पहिली जोरात सुरू होते. खरे सांगावे तर सासूबाईंचे तोंड पाहवणार नाही, न सांगावे तर फाल्गुनात मूल आणायचे कुठून? इकडे आड, तिकडे विहीर, आणि वरून कार्यालय म्हणते, सासूचा जबाब आणा. साहेब, जिला कळू नये म्हणून एवढे चालले आहे, तिचाच अंगठा आपण मागितला आहे.

१०. येथवरचा मजकूर दि. २३ सप्टेंबर रोजी लिहून झाला होता. कागदाला कोर्ट फीचे तिकीट चिकटवलेले असल्याने तो बदलता येत नाही, म्हणून पुढचे त्याच्याखाली लिहीत आहे. पतीच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडावी म्हणून अर्जदाराने त्यांच्या मोटारसायकलच्या कागदांची पिशवी उघडली. त्यात आर. सी. बुकाच्या मागे घडी घातलेला एक कागद होता. गेल्या फेब्रुवारीत अर्जदार व पती यांनी सोलापुरात एका प्रयोगशाळेत तपासण्या केल्या होत्या. अहवाल आणायला पती एकटे गेले होते आणि "दोघांचं बी चांगलं हाय, आता देवाच्या हातात," असे सांगत परत आले होते. अर्जदाराचे चांगले आहे हे खरे निघाले. पतींच्या कागदावर शुक्राणूंची संख्या फारच कमी असल्याचे लिहिले होते, आणि पुढे काय उपचार घ्यावेत तेही डॉक्टरांनी खाली लिहून दिले होते. तारीख १९ फेब्रुवारीची. म्हणजे नोंद होईपर्यंत अर्जदार भावकीत वांझ म्हणून ऐकून घेत होती, आणि कागद सात महिने मोटारसायकलवरून शेतात जाऊन येत होता.

११. दि. २५ रोजी दुपारी अर्जदाराने तो कागद पतींच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि जेवायचे थांबले. ताट बाजूला सारून म्हणाले, "औषध ज्याला पाहिजे त्यानंच प्यालं. तुला कशाला कडू?" अर्जदाराने विचारले, मग आईला का सांगितले नाही? ते म्हणाले, "सांगायला गेलो की घशाशी येतं. तू माझ्या वाटणीचं ऐकून घेतीस, ते बघितलं की आणखी येतं." अर्जदाराला फार राग आला. तो अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी तिला घाईही नाही. पण पहाटेचा पेला शेणात का ओतायचा नव्हता ते तिला त्या दिवशी कळले. ओतला असता तर दोघेही सुटले असते, पण त्यांना स्वतःला सुटायचे नव्हते. अर्जदाराने हा अर्ज त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. दहावा परिच्छेद गाळू का, असे विचारले. ते म्हणाले, "राहू दे. दवाखान्याच्या कागदावर एकदा खोटं लिहून बघितलं की."

१२. आज दि. २६, गुरुवार. पहाटे सासूबाई दोन पेले घेऊन परसात आल्या. पतींनी ते त्यांच्या देखत हातात घेतले आणि म्हणाले, "आई, ही पोटुशी न्हाय. नव्हतीच. दोष माझ्यात हाय, दवाखान्यानं लिहून दिलंय." सासूबाईंनी एवढेच विचारले, "मग इतकं दिस ह्ये कोण पीत हुतं?" पती म्हणाले, "म्याच." सासूबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. गळ्याची हाडे, सैल झालेला सदरा, सगळे त्यांना रोज दिसत होतेच, पण त्यांनी ते आज पाहिले. त्यांनी एक पेला काढून घेतला, चव घेतली आणि तोंड वाकडे केले. "इतकं कडू? माझ्या लेकराला पाजत हुते व्हय ह्ये म्या?" असे म्हणून त्यांनी तो पेला तिथेच उभ्याने संपवला. दुसराही संपवला. आम्ही दोघांनी अडवले तरी ऐकले नाही. रिकामे पेले उंबऱ्यावर ठेवून त्या अर्जदाराजवळ आल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "पाच वरसं तुलाच बोलत्यात समदी. अन् तू गप." अर्जदाराला त्या वेळी रडू आले, हे लपवण्याचे कारण नाही. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "कुठंय तो सरकारी कागुद? अंगठा कुठं लावायचा?"

तरी विनंती की, अर्जदाराची नोंद "गर्भपात" अथवा अन्य कोणताही शेरा न मारता, "नजरचुकीने झाली, अर्जदार गरोदर नव्हती" असे स्पष्ट लिहून कमी करावी. तसे दार संगणकात नसल्यास ते करून घ्यावे. संगणकाला दार करता येते, हे अर्जदार स्वतःच्या कामावरून जाणते. पती आज स्वतःच्या नावाने केसपेपर काढण्यासाठी उपकेंद्रात गेले आहेत. गड्यांच्या रांगेत उभे आहेत. त्यांची तपासणी करून सोलापूरच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचारांबाबत योग्य तो सल्ला मिळावा. नीरजा सिस्टर व आशाताई यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. नाव आम्हीच खोटे दिले होते.

आपली विश्वासू, आणि आता मोघम नसलेली,

(सही)
सौ. हर्षाली उत्तरेश्वर पडवळ
मौजे चिंचतळ
दिनांक : २६/९/२०२४

पतीची सही : वरील सर्व मजकूर, दहाव्या परिच्छेदासह, मला वाचून दाखवला. खरा आहे. — उत्तरेश्वर पडवळ

माहिती देणाऱ्या व्यक्तीचा जबाब (सांगेल तसा लिहून घेतला) : म्या कोंडाबाई. आशाबाईला म्याच व्हय म्हणलं, सून पोटुशी हाय म्हणून. सुनेनं सांगितलं न्हवतं. म्याच घाई केली. सुनेत काय बी खोट न्हाय, ह्ये सायबानं मोठ्या अक्षरात लिहावं. — डाव्या हाताचा अंगठा

सोबत जोडले आहे :
१) तपासणीची पट्टी, कागदावर चिकटवून.
२) मळमळीच्या नोंदवहीची झेरॉक्स, पाने अकरा.
३) सोलापूरचा अहवाल, बंद पाकिटात. फक्त साहेबांनी उघडावा.
४) लिंबाजीच्या उरलेल्या पुड्या, दोन्ही प्रकारच्या, तपासणीसाठी. परत नकोत.

ता. क. : अर्ज घेऊन निघत असता नमूद करावेसे वाटते की सासूबाईंना आज सकाळपासून मळमळत आहे. त्यांना कोरडी भाकरी व आल्याचा तुकडा दिला आहे. आशाताई सत्यभामाबाई आत्ताच दारावरून गेल्या आणि कुणाला मळमळतंय म्हणून विचारून गेल्या. त्यांच्या हातात वही होती. तरी या घरातून कोणतीही नवी नोंद घेण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.